इंजिनातलं पाणी

शनिवार, ९ मार्च

इंजिन फुटलं! पाच महिन्यांनी आमच्या कालव्यातल्या बोटीवर गेलो. डबाभर थालीपीठं नेली होती. ह्यांनी कालव्याच्या पाण्याची तोटी उघडली, किल्ली फिरवली — आणि इंजिनाच्या पोटातून गढूळ पाणी भसाभसा खाली. हे गुडघे टेकून टॉर्चच्या उजेडात बघत राहिले. लोखंडाला वीतभर तडा. "आत पाणी राहिलं, सुलू. थंडीत गोठलं, फुगलं, झालं." जानेवारीत इथे कॉव्हेंट्रीत उणे सात होतं. थालीपीठं तशीच परत आणली.

सोमवार, ११ मार्च

मरीनाचा, बोटी लावतात त्या धक्क्याचा, मेकॅनिक कीथ येऊन गेला. "डिडन्ट ड्रेन इट, डॉक्टर?" एवढंच म्हणाला. चांगला माणूस आहे, पण ह्यांचा चेहरा पडला तो पडलाच.

हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढून टाकायचं काम वीस वर्षं हेच करतात. कपाटाच्या दाराला यादी चिकटवलेली आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटला भूल देण्याआधी करायचे तसं एकेक ओळ वाचायची, काम करायचं, खूण करायची. मी यादी दाखवली — "पाणी काढले. १४ ऑक्टोबर. श्रीनिवास." ह्यांचंच अक्षर!

"खूण केली म्हणजे काम केलं असं नाही. काम न करताच खूण केली असणार मी."

बुधवार, १३ मार्च

मध्यंतरी ह्यांच्याकडून गॅस चालू राहिला होता, शेजाऱ्याचं नाव आठवेना, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. आता हे तेसुद्धा उगाळत बसलेत.

शुक्रवार, १५ मार्च

गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "चाळीस वर्षं लोकांना भूल दिली, आता मलाच पडायला लागली." स्वतःच जीपीकडे, आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, फोन करून मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली, २७ तारखेची. स्लाऊहून मिहीरचा फोन — "आई, ती बोट विकून टाक ना. बाबांसाठी सेफ नाही." एकुलता एक मुलगा, त्याला काळजी वाटणारच. तरी राग आला मला.

रविवार, १७ मार्च

सांडलेलं पाणी पुसायला एकटीच गेले. इंजिनाचं झाकण उचललं, तर आतल्या बाजूला वाळलेलं कुंकू आणि चार अक्षता.

नखाने खरवडून बघितलं.

खंडेनवमी! २३ ऑक्टोबर. हे मिहीरकडे गेले होते. शिलाई मशीन, गाडी, ह्यांचं ड्रिल, सगळ्यांची पूजा केली. मग बोटीनेच काय घोडं मारलंय? म्हणून बसने गेले. पण बंद यंत्राला हळदकुंकू कसं वाहायचं? सांगलीला माझ्या बाबांच्या गिरणीत पट्टा फिरल्याशिवाय नारळ फुटत नसे. मग मी तोटी उघडली, किल्ली फिरवली, पाच मिनिटं इंजिन चालवलं, नारळ फोडला, हात जोडले. सगळं नीट बंद करून घरी!

कालव्याचं पाणी आत ओढूनच ते इंजिन थंड राहतं. वीस वर्षं बघतेय मी! ह्यांनी काढलेलं पाणी मीच परत भरलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मंगळवार, १९ मार्च

सांगितलं नाही. लाज वाटते.

गुरुवार, २१ मार्च

आज हे गॅस बंद केला का म्हणून तीनदा उठून बघून आले. मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही. एवढी भित्री कधी झाले मी?

शनिवार, २३ मार्च

सांगितलं! हे टेबलाशी बसून बोट विकायची जाहिरात लिहीत होते. "लांबी चाळीस फूट" इथवर आले आणि माझ्याच्याने राहवेना. सगळं एका दमात बोलून टाकलं. कुंकू, नारळ, पाच मिनिटं.

हे जे हसायला लागले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नारळ इंजिनाला आणि खापर माझ्या माथ्यावर!"

मला रडूच आलं. ह्यांनी माझ्याकडून गाडीच्या किल्ल्या परत घेतल्या, जाहिरात फाडली. "म्हणजे मी शाबूत आहे, सुलू."

सोमवार, २५ मार्च

मेमरी टेस्ट रद्द केली. नंबर मीच लावून दिला. कीथ दुसरं जुनं इंजिन शोधतोय. पाडव्याला गुढी बोटीवर उभारायची म्हणतायत! किती दिवसांनी हे पोटभर जेवले.

गुरुवार, २८ मार्च

सकाळी चहा घेताना म्हणाले, "सुलू, ते इंजिन फुटलं कसं गं? मी पाणी काढलंच नाही वाटतं."

मी पुन्हा सगळं सांगितलं. कुंकू, नारळ, पाच मिनिटं. हसले — पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. "नारळ इंजिनाला आणि खापर माझ्या माथ्यावर!"

मीही हसले. हे बागेत गेल्यावर जीपीकडे फोन लावला.