ड्रमवरचं इंग्रजी

आई, घाटकोपरच्या टेकडीवरची आपली खोली आता नाही, तूही नाहीस, पण तो निळा ड्रम माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबांनी कारखान्यातून आणलेला. केमिकलचे रिकामे ड्रम कामगारांनी घरी न्यायचे, दोनदा सोड्याने धुवायचे आणि पाणी भरायचं, आपल्या चाळीत बऱ्याच जणांकडे तसंच होतं. तू किती खूश झाली होतीस! मोरीशेजारी उभा करून त्याला हळदकुंकूसुद्धा लावलंस.

मी तेव्हा आठवीत. रोज पहाटे टेकडीखालच्या नळावर हंडा घेऊन उभी, त्यामुळे पहिला तास बुडायचा, तोही नेमका इंग्रजीचा. बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, परीक्षाही नळावरच दे. ड्रम आला आणि तू नि बाबा संध्याकाळीच पाणी भरून ठेवायला लागलात. माझी पहाट सुटली.

त्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर ‘कीप अवे’ लिहिलं. लांब राहा, लांब ठेवा. पुढे ‘फ्रॉम’ आणि मग ज्याच्यापासून लांब ते. वाक्यात उपयोग मी करून दाखवला, विस्तवापासून लांब राहा. शाबासकी मिळाली. उड्या मारत घरी आले, तर ड्रमच्या पोटावर, घासूनही न गेलेल्या अक्षरांत तेच. कीप अवे फ्रॉम फूड अँड वॉटर.

तू मोरीत कपडे पिळतेयस. मी वाचतेय हे बघून विचारतेस, “काय लिवलाहा गो ह्येच्यार?”

“कंपनीचं नाव आहे.”

खरं सांगितलं असतं तर ड्रम गेला असता आणि मी परत नळावर. एवढंच डोक्यात होतं, शप्पथ. मग तुझ्या हातांची सालं निघायला लागली, तू साबणाला शिव्या घातल्यास. मग अन्न जाईना. बाबा म्हणायचे पाणी पी जास्त, आणि तांब्या मीच भरून द्यायचे, त्याच ड्रमातून. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं सगळं विचारलं, पाणी कशात भरता ते नाही विचारलं. मी तिथेच दाराशी उभी होते. दिवाळीआधी तू गेलीस.

ड्रममुळेच गेलीस का, ते आता कोण सांगणार? हे पत्र लिहून झालं की मी फाडणार आहे, माझ्या लेकीच्या हाती लागायला नको. फक्त एक राहिलंय. त्या दिवसानंतर मी घरचं पाणी प्यायलेच नाही गं. शाळेच्या नळावर पोट फुटेस्तोवर पाणी प्यायचे आणि मगच घरी यायचे.