रात्री कमी खाणारा ट्रान्सफॉर्मर

भंडारा,
१२ डिसेंबर २०२५

प्रिय रश्मीस,
सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे, तूही असशीलच. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा नंबर मी चौदा महिन्यांपूर्वी रागाच्या भरात ब्लॉक केला होता. तो उघडणं सोपं आहे, पण उघडल्यावर काय बोलायचं ते सुचेना. म्हणून पत्र.

आधी बातमी. आमच्या कारखान्यात बनलेला सौर प्रकल्पाचा ट्रान्सफॉर्मर नागपूरच्या चाचणीत पास झाला! पवनीकडे लागणार आहे. ऑर्डर तुझ्या कंपनीची नाही, दुसरीची आहे, तेव्हा मी मस्का लावतेय असं समजू नकोस. रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे. सूर्य मावळल्यावर नुसता ग्रिडला जोडून उभा असताना तो बारा तासांत एकवीस युनिट खातो. तू तपासून नापास केलेला माझा आधीचा छत्तीस खायचा. हा सव्वा लाखाने महाग पडला, पण युनिटला तीन रुपये धरले तरी रात्रीच्या वाचलेल्या विजेतून तेवढे सात-आठ वर्षांत निघतील आणि हा चालेल पंचवीस वर्षं. आकडे ऐकून आमचे वाइंडिंगवाले चिंधूकाका म्हणाले, "बाई, हा तं माह्या बकरीपेक्षा बी कमी खाऊन राहिला." कारखान्यात पेढे वाटले. मी एकटीने चार खाल्ले.

रुसले त्या दिवशी तू तुझ्या कंपनीच्या मोहाडीच्या प्रकल्पासाठी माझा ट्रान्सफॉर्मर तपासायला आलीस आणि माझ्या माणसांसमोर म्हणालीस, "डिंपल, दिवसा कमावते अन् रातभर खात बसते, असा ट्रान्सफॉर्मर मले नाही पायजे." आयटीआयमध्ये एका डब्यात जेवलेली मैत्रीण असं बोलली, हे मी वर्षभर ज्याला त्याला सांगत फिरले.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. त्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्यात, रचलेल्या पोलादी पट्ट्यांपैकी निम्म्या जुन्या होत्या, भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरमधून काढून घासलेल्या. स्वस्त पडल्या, पण त्यांच्यामुळेच तो रात्री एवढा खायचा. कागदावर मी नव्या लिहिल्या. तुला ते कळलं होतं. टाकीत वाकून तू एका पट्टीच्या घासलेल्या काठावरून बोट फिरवलंस, माझ्याकडे बघितलंस आणि झाकण लावायला सांगितलंस. मग बोललीस ते फक्त रात्रीच्या खाण्याचं. बाकीचं बोलली असतीस तर कारखान्याला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. तू मला वाचवलंस आणि मी तुझ्यावरच रुसून बसले. मला माफ कर गं.

तो ट्रान्सफॉर्मर मी नंतर पूर्ण सुटा केला. नव्याची एकेक पट्टी मी स्वतः रचली, आणि प्रत्येक पट्टीचा काठ बोटाने तपासला, तुझ्यासारखाच.

येत्या बुधवारी सकाळी दहाला हा नवा ट्रकवर चढेल. चिंधूकाकांनी हळदकुंकू, नारळ सगळं आणून ठेवलं आहे, पण नारळ फोडायला मी त्यांना नाही म्हटलं आहे. तो तुझ्या हातचा. डबा मी आणते, दोघींचा.

नंबर आत्ताच उघडला.

सगळ्या पट्ट्या नव्या वापरणारी,
तुझी डिंपल