खांबाला चिकटवलेलं नाव

३ फेब्रुवारी १९८८, जयपूर
पोहोचले एकदाची! इस्लामपूरहून निघताना आई अशी रडली, जणू मला काळ्या पाण्यावरच धाडत होती. शालिनीताईनं स्टेशनवरच घट्ट मिठी मारली. मावसबहीण असली तरी सख्खीपेक्षा काकणभर जास्तच. तिचे यजमान उमाकांतभाऊजी लष्करातून निवृत्त झाले आणि सिविल लाइन्सच्या मागे घरातच नकाशांचं ऑफिस थाटून बसले. आयटीआय करून घरी माश्या मारणाऱ्या मला त्यांनी आपणहून नोकरी दिली. त्यांचा सात वर्षांचा बापू तेवढा चाकांच्या खुर्चीत असतो. गेल्या वर्षी एकाएकी पाय आखडले, गुडघ्यापर्यंत दगड झाले. डॉक्टरांनी हात टेकले. पोरगं मात्र हसरं. मावशी, तुम्हारे गाँव में ऊँट हैं क्या, असं विचारून त्यानं मला पहिल्या तासातच खिशात टाकलं.

८ फेब्रुवारी
कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवघरात जावं तसं. एसी फक्त त्याला, माणसं पंख्यावर. ताई शिकवते आहे. खांबाचा चौकोन एकदाच काढायचा आणि हवा तिथं बसवायचा. प्रत्येक खांबाला माहिती चिकटवता येते, म्हणजे नंबर, माप, सळया किती. तिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. मग सगळ्या खांबांचा तक्ता मशीनच काढून देतं. काही माहिती लपवूनही ठेवता येते, असते पण नकाशात दिसत नाही. मी म्हटलं, आमच्या शेजारच्या आक्काबाईंच्या वयासारखी. ताई हसली नाही.

१२ फेब्रुवारी
आज पहिलं खरं काम. झोटवाड्यात भाऊजींचं स्वतःचं गोदाम अर्धवट पडून आहे, बांधकाम वर्षभर बंद. त्याच्या नकाशातला कोपऱ्यातला खांब नव्यानं बसवायचा होता. ताईनं चौकोन तयार ठेवलेला. तूच बसव, तुझ्याच हातानं, असा तिचा हट्ट. बसवला. भाऊजींनी देवापुढे साखर ठेवली आणि उद्याच काम पुन्हा सुरू करतो म्हणाले. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. खरंच फार बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
बापू उभा राहिला! भिंतीला धरून चार पावलं टाकली आणि माझ्या अंगावर कोसळला. मी गल्लीभर पेढे वाटले. ताई गळ्यात पडून रडली, मला माफ कर म्हणत राहिली. आनंदात माणूस काहीही बोलतं.

२० फेब्रुवारी
माझी पावलं जड झाली आहेत. चपलेत जात नाहीत. थंडी बाधली असेल म्हणून ताई रोज तिळाचं तेल चोळते.

२७ फेब्रुवारी
गुडघे वाकत नाहीत. पायावर बोट वाजवलं तर खट् आवाज येतो, आणि मला काही कळत नाही. बापूची खुर्ची आता मला दिली आहे. डॉक्टर नको म्हणतात दोघं. भाऊजी झोटवाड्याहून येतात आणि खांब किती वर गेला ते ताईला सांगतात. सांगतात तिला, बघतात माझ्याकडे.

२ मार्च
ताई बाजारात गेली तशी खुर्ची रेटत मशीनपाशी गेले. लपवलेलं सगळं दाखव अशी एक आज्ञा असते, ती दिली. कोपऱ्यातल्या खांबात एक ओळ जास्त होती. इंग्रजी अक्षरांत मालन. माझंच नाव. पुन्हा बदलता येत नाही अशा जातीची माहिती. चौकोन बनवल्याची तारीख डिसेंबरची. मला बोलावणारं पत्र जानेवारीत आलं होतं.
मग गेल्या वर्षीची फ्लॉपी घातली. त्याच खांबात बापू.

३ मार्च
विचारलं. ताईनं नाही म्हटलं नाही. भाऊजींनी हौसेनं पोराचं नाव खांबात लपवलं होतं, गोदाम त्याच्या नावानं उभं राहावं म्हणून. खांब चढला तसे त्याचे पाय गेले. घाबरून काम थांबवलं, पण गेलेले पाय परत येईनात. रक्ताच्या दुसऱ्या माणसाचं नाव खांबात घालून, त्यानंच स्वतःच्या हातानं तो बसवला तरच बापू सुटणार होता. हे तिला कुणी सांगितलं ते सांगत नाही.
मी विचारलं, मग तुझं नाव का नाही घातलंस. म्हणाली, बापूला आई लागते.
आणि मला? मला आई नाही?

५ मार्च
कंबर गेली. अजून तेल चोळते. तिचा हात लागला की किळस येते — पण सरकताही येत नाही. स्टेशनवरची ती मिठी. तेव्हाच सगळं ठरलं होतं आणि ही हसत होती.

७ मार्च
नकाशातला खांब पुसला तर मी सुटते. झोटवाड्यातला खांब मग पहिल्या नावाकडे परत जातो, म्हणजे बापूकडे. हेसुद्धा तिनंच सांगितलं. वाटलं, आता खोलीला कुलूप घालेल. नाही घातलं.

८ मार्च
छातीपर्यंत — श्वास अर्धाच —
ताईनंच खुर्ची ढकलत मशीनपुढे आणली. फ्लॉपी घातली. पुसायचं तर पूस म्हणाली, आणि दारात जाऊन उभी राहिली. अडवत नाही.
पुसण्याची आज्ञा लिहिली. खांब निवडला. आता एकच बटण.
अंगणात बापू पळतो आहे. मावशी, देखो, मैं कितना तेज — ओरडतो आहे. त्याला काही माहीत नाही.
ताई माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याच्याकडे बघते आहे. तिला खात्री आहे माझी. आत्ता कळलं — रक्ताची माणसं खूप होती तिला, पण मी लेकराला हात लावणार नाही, हे तिला — म्हणून मला —
दाबीन मी. का नको. दाबीन —
परत हाक मारतोय. मावशी म्हणतोय —
बोटं जड — अजून हलतात, अजून —
ताई, एकदा तरी वळून बघ, मी