गोळी नको, मशीन आणलंय

३ जानेवारी

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. १५८/९८. म्हणाले, गोळी सुरू करा, आजपासून. मी सांगितलं, गोळी एकदा मागे लागली की जन्माची. मनावर ताबा नसलेल्यांनी घ्यावी. आणि हे बीपी माझं नाहीच, रस्त्याचं आहे. बेडरूमच्या खिडकीखाली सिग्नल, सिग्नलला बस, बसमागे ट्रक. सगळा धूर आमच्या उशीवर.

महिनाभराची मुदत मागितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मला पटत नाही. डोकं दुखलं, छातीत दुखलं तर मुदतबिदत विसरायची आणि थेट यायचं.

ही सोबत होती. लिफ्टमध्ये म्हणाली, तुमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते तुमच्याच वयाचे होते. लिफ्टमध्ये असले विषय काढतात का?

५ जानेवारी

पेपरात बातमी! मोठ्या रस्त्यालगतच्या घरात हवा शुद्ध करणारं मशीन लावलं तर बीपी थोडं उतरतं. मी काय वेगळं सांगत होतो? थोडं हा शब्द उगाच घुसडलाय. कात्रण फ्रिजवर लावलं. संध्याकाळपर्यंत हिने त्यावर प्लंबरचा नंबर लिहून टाकला.

८ जानेवारी, संध्याकाळी

मशीन आलं. सोबत जाडजूड पुस्तिका. बाथरूम फिटिंग्जच्या शोरूममध्ये उभं आयुष्य गेलं, मला कोण काय पुस्तिका दाखवणार? प्लग लावला, बटण दाबलं. लाल दिवा म्हणजे हवा घाण, निळा म्हणजे स्वच्छ. सध्या लाल. पण पाच मिनिटांत छाती मोकळी झाली. डोंगरावर आल्यासारखं वाटलं. हिला विचारलं, जाणवतंय का? म्हणाली, पंखा लावल्यासारखं वाटतंय. काहींना बारीक गोष्टी कळत नाहीत.

११ जानेवारी

दिवा लालच. हिने कांदा परतायला घेतला की मशीन असं बोंबलतं की टीव्ही ऐकू येत नाही. म्हटलं, महिनाभर उकडलेलं खाऊ. म्हणाली, खुशाल खा, उकडा आणि खा. घरच्या यंत्रावर बीपी १६०. भांडणानंतरचं धरायचं नसतं.

१५ जानेवारी

खिडकीच्या सगळ्या फटींना चिकटपट्टी लावली. लावतोय तोच एका ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला. चार शब्द सुनावावेत म्हटलं, तर खिडकी उघडेना. पट्टी सुरीने कापेपर्यंत ट्रक पसार. रिकाम्या रस्त्यावर ओरडलो. खालून वॉचमनने, काय पाहिजे, म्हणून हात केला. बीपी १६६. बीपी मोजायचं यंत्रच बोगस आहे.

१६ जानेवारी

खात्री करायला यंत्र हिच्या दंडाला बांधलं. नको नको म्हणत होती. बसवलीच. १२२/७८! म्हणजे यंत्र ठीक, आणि मशीन तर जबरदस्त! हिच्यावर आधी लागू पडलं एवढंच. माझ्या देहाला वेळ लागणार. ही पट्टा सोडून स्वयंपाकघरात गेली. आनंदच झाला असणार.

१९ जानेवारी

शोरूममध्ये सगळ्यांना हिचा आकडा सांगितला. एका गिऱ्हाइकाला शॉवर दाखवता दाखवता हवेचं गणित समजावलं. ते शॉवर न घेताच गेलं. मालकांनी विचारलं, आपण इथे नेमकं काय विकतो? चांगल्या कामाची कदर नाही.

२३ जानेवारी

आमच्या वर राहणारे रिटायर्ड इंजिनिअर मशीन बघायला आले. माझं ऐकून त्यांनाही घ्यायचंय. मागचं झाकण काढून बराच वेळ आत बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढून मग मशीन चालू करायचं असतं.

म्हणजे इतके दिवस मशीन नुसतं गरगरत होतं. जिना चढताना ते हसत होते, स्पष्ट ऐकू आलं. ही म्हणाली, पुस्तिकेत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पहिल्या पानावर लिहिलं तर कोण वाचणार?

मग हिचं १२२ कशाने? विचार केला. ही मुळात थंड डोक्याची. खरा प्रयोग आजपासून सुरू.

२८ जानेवारी

दिवा निळा! हिचा सकाळचा खोकलासुद्धा कमी झालाय. माझं मात्र १६८. मशीनला मी दिसत नाही की काय? सकाळपासून मान अवघडलीये, डोकं जड. हिला सांगितलं नाही. उगाच बाऊ करेल.

२ फेब्रुवारी

डोकं ठणकत होतं. हिला न सांगता कळलं. चपला घालून, पर्स घेऊन दारात उभी. म्हणाली, मुदत गेली खड्ड्यात, चला.

१७२/१०४. डॉक्टरांनी माझा सगळा प्रयोग ऐकून घेतला. म्हणाले, मशीन चांगलंच आहे, चालू ठेवा, पण गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नव्हे. मी हिचं १२२ सांगितलं. डॉक्टरांनी हिच्याकडे बघितलं. हिने खिडकीबाहेर.

खाली औषधवाल्याने चिठ्ठी वाचली, पाकीट काढलं आणि म्हणाला, वहिनींचंही संपत आलं असेल, दोन देऊ का? तीच गोळी. ही दोन वर्षं घेतेय.

सिग्नलला उभे होतो. आजूबाजूला हॉर्नचा नुसता कल्लोळ. विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ती मला सोडायला लावली असती. मला भीती वाटायची. आपल्या दोघांपैकी एकाने तरी धड राहायला हवं होतं.

हिचा हात धरून रस्ता ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदाच.

३ फेब्रुवारी, सकाळी

गोळी घेतली. हिनेही घेतली, माझ्यासमोर. दोन्ही पाकिटं टेबलावर. छान वाटलं. म्हटलं, महिनाभरात आकडा खाली आला की बंद करून टाकू.

ही उठली. आपलं पाकीट उचललं आणि आत कुठेतरी ठेवून आली. कुठे ठेवलंस विचारलं. सांगत नाही.