पाहुण्यांच्या हातचा हार

धुळे, १२ मार्च १९९२

डोकं अजून तापलेलंच आहे. शिरपूरपलीकडच्या पाड्यावरचा सौर दिवा काल मी खांबावरून उतरवला. साहेबांचा हुकूम. म्हणे दिवा लागत नाही, लोकांना किंमत नाही. वर चढलो तर पॅनलच्या काचेवर उद्घाटनाचा हार तसाच. झेंडू वाळून काळा पडलेला, खाली हळदकुंकवाचा थर. ऊन पोचणार कुठून? आणि हारासकट पॅनल वर चढवायला लावलं होतं साहेबांनीच, फोटोसाठी.

पाड्यावरच्या आबांना विचारलं, हार का नाही काढला? ते म्हणाले, "मोठा पाव्हनाना हातना हार शे भाऊ, आम्ही कसा काढाना?"

साहेबांना सांगितलं, काच पुसली की दिवा लागेल. ते म्हणाले, "अहवाल गेलाय वर. आता काय उपयोग?"

आज ऑफिसच्या आवारात काच पुसून पॅनल दिवसभर उन्हात ठेवलं. संध्याकाळी दिवा लख्ख लागला. साहेब खूश. "आपल्या गेटवर लावून टाक," म्हणाले. गेटवर! तिथे विजेचे दोन दिवे आधीच आहेत. पाड्यावर एक तार गेलेली नाही.

उद्या सकाळी गेटवर पूजा आहे. हार मीच आणायचाय.