मोठी आणि शेपूट

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? भाऊजी म्हणाले, डॉक्टरांनी जिना बंद केलाय, तरी त्यांची नजर चुकवून तू वरच्या खोल्या झाडायला जातेसच. राहतं कोण गं तिथे, की रोज झाडाव्यात? मुलं कधीच उडून गेली, तुझा हात काही थांबत नाही. मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, कोर्टात जाते. काल मात्र हरले. फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं होतं ना, तीच केस.

दोघी बहिणी. युद्धातून निसटलेल्या, सोबत कुणी मोठं माणूस नाही. मोठी पंधराची, धाकटी पाचची. धाकटी काही केल्या मोठीच्या स्वेटरचं टोक सोडत नाही, म्हणून मी तिचं नाव शेपूट ठेवलं. कुठून सुचलं ते तुला सांगायला नको.

वाटेत कुणीतरी मोठीच्या डोक्यात भरवलं होतं, की एकट्या पोरींना वाटून टाकतात. तू मोठी आहेस म्हण, म्हणजे धाकटी तुझ्याकडेच राहील. तिने सीमेवरच्या नोंदणीच्या खिडकीपुढे ताठ उभं राहून वय वीस सांगितलं. कायदा नेमका उलटा, ताई. खरं सांगितलं असतं तर दोघी एकाच बालगृहात राहिल्या असत्या, कोर्टाने पालक नेमला असता. सज्ञान बहिणीला मात्र धाकटीचा ताबा आपोआप मिळत नाही. करायला गेली काय आणि झालं काय! खरं वय सांग म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या. मी लहान झाले तर हिला कोण बघेल, एवढंच ती विचारायची.

शेवटी कोर्टात ती खरं बोलली. पण एकदा खोटं बोललेल्याचं खरं कोण ऐकतो? मनगटाचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, पंधरा ते वीसमध्ये काहीही असू शकेल. मग सरकारी वकील उठले. म्हणाले, हिच्याकडे बघा. पाणी आधी धाकटीला पाजते, मग स्वतः पिते. दुभाष्याचं नीट ऐकून, विचार करून उत्तर देते. हे काय पोरीचं वागणं झालं? आणि नेमकी तेव्हाच मोठीने वाकून शेपटाच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. सवयच तिला. न्यायाधीशबाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. निकालात ती सज्ञान ठरली.

संध्याकाळी मोठीला मोठ्यांच्या छावणीत नेलं. ती रडली नाही. बालगृहाच्या बाईंना सांगत राहिली, हिचा कान दुखतो, टोपी घाला, दिवा मालवू नका. शेपटाने स्वेटर घट्ट धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. परक्या हातांनी नको, म्हणून ते मीच केलं.

आता पत्राचं कारण. अपील केलंय, पण त्याला वर्ष तरी लागेल. तोवर एखाद्या घराने दोघींना ठेवून घेतलं, तर कोर्ट त्यांना एकत्र राहू देईल. सगळ्यांचे उंबरे झिजवून झाले. तुला विचारत नव्हते, कारण तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि तुझा जन्म पोरं वाढवण्यातच गेला. त्यातली पहिली मी. आई गेली तेव्हा तूही पंधराचीच होतीस. सगळे कौतुक करायचे, किती शहाणी पोर, अगदी बाईमाणसासारखं सगळं करते. काल तेच कौतुक सरकारी वकिलांच्या तोंडून पुरावा म्हणून ऐकलं, आणि मला माझ्या बुटाशी वाकलेली तू दिसलीस. तुझ्यासाठी कुणी अपील केलं नव्हतं गं. वरच्या खोल्या दे. शेपटाचं मी बघेन, रजा टाकून येईन. तू फक्त मोठीकडे बघ. गुडघा दुखेल, पण एकदा तरी तिच्या बुटाची नाडी तू बांध.

तुझंच,
थोरलं शेपूट