पंचमीच्या आठवड्यातलं तिकीट

आष्टी,
शुक्रवार, १३ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप तुळजावहिनींना गहिनीनाथचा वाकून नमस्कार.

तुम्ही, दादाची मनू आणि दोन्ही गायी बऱ्या असाल. इकडे रतन बरी आहे. पाऊस आष्टीतही नाही. नळाला पाणी आलं की सगळी गल्ली ओरडते, त्यावरूनच कळतं. आमच्या दूधसंस्थेत दूध निम्म्यावर आलंय. लोक गायी बाजारात नेतात आणि संध्याकाळी तशाच माघारी आणतात. पण हे मी तुम्हाला काय सांगावं!

एवढ्या जवळ राहून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन दोनदा हातात घेतला होता. पण ज्या फोनवर तुमच्याशी खोटं बोललो त्याच फोनवर खरं बोलायला जीभ उचलेना. सकाळी म्हाळू दुधाचा टेम्पो घेऊन वस्तीवर येईल, त्याच्याकडे हे देतो. चष्मा सापडला नाही तर मनूकडून वाचून घ्या. तिच्यापासून लपवावं असं आता काही राहिलेलं नाही.

सुरुवातीपासून सांगतो. अधिक महिन्यात रतनच्या माहेरी धोंड्याचं जेवण होतं. सासऱ्यांनी जावयाला वाण म्हणून चांदीचं ताट न देता पाकीट हातात ठेवलं. म्हणाले, "ताट काय, कपाटात पडून ऱ्हातंय. पोरीला कुटं तरी फिरवून आना." रतननं विमान फक्त आभाळात पाहिलेलं. पासपोर्ट मागंच हौसेनं काढून ठेवले होते. मग मी तिकिटाच्या मागे लागलो.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. स्वस्तातली वस्तू दिसली की मला तहानभूक राहत नाही. दूध मोजून झालं की फोन काढायचा आणि भाव बघायचे. दुबई पाहिली, बँकॉक पाहिलं, शेवटी श्रीलंकेवर आलो. शनिवार-रविवार टाळले की भाव उतरतो, पहाटेचं विमान स्वस्त, बॅग त्यांच्याकडे न देता हातात धरली की आणखी स्वस्त, हे सगळं शिकलो. आणि एके दिवशी ऑक्टोबरचा पहिला आठवडा असा कोसळलेला दिसला, जसे आपल्या बाजारात टोमॅटो कोसळतात. मागचे-पुढचे आठवडे जवळजवळ दुप्पट, आणि मधे हा एकटा मातीमोल. मला वाटलं, जगाला दिसलं नाही ते मला दिसलं. पैसे परत मिळणार नाहीत, तारीख बदलणार नाही, असं खाली लिहिलं होतं. मी बटण दाबलं आणि दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत फिरलो.

तो आठवडा स्वस्त का होता, ते पोळ्याच्या सुमारास कळलं. संस्थेतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पुढचं पान सहज उलटलं, तर पितृपंधरवडा. गेल्या वर्षी तो सप्टेंबरात होता, म्हणून मी मुद्दाम सप्टेंबर सोडून ऑक्टोबर धरला होता. अधिक महिन्यानं सगळं पुढे ढकललंय हे डोक्यातच आलं नाही. ज्या महिन्याचं वाण घेऊन तिकीट काढलं, तोच महिना विसरलो! त्या दिवसांत हौसेनं कोण घराबाहेर पडतंय, म्हणून विमानं रिकामी. आणि आमच्या सहलीच्या बरोबर मधोमध पंचमी. दादाची तिथी.

वहिनी, तिकीट वाया जाऊ दिलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं. रतन म्हणालीसुद्धा, "न्हाई गेलं तर न्हाई गेलं. थोरल्यांचं पान हाय." मीच तिला गप्प केलं. खरं सांगायचं तर मला श्रीलंकेची एवढी ओढ नव्हती. माझी हुशारी फुकट जाईल, हे सोसवत नव्हतं.

मग तुम्हाला फोन केला. संस्थेनं गुजरातेत ट्रेनिंगला धाडलंय, नाही म्हणता येत नाही, म्हणालो. तुम्ही म्हणालात, "जावा की भावजी, नोकरी हाय. मनू ठेवील पान. पोचल्यावर तेवढा फोन करा."

हे शेवटचं वाक्य दादाचं. मी नगरला कॉलेजात होतो तेव्हा एसटी हलेपर्यंत तो स्टँडवर उभा राहायचा आणि मी पोचल्याचा निरोप येईपर्यंत जेवायचा नाही. तुम्ही ताट झाकून बसायचात. आणि मी या वेळी फोन केला नाही. परदेशातला नंबर दिसेल, ही भीती.

तर गेलो. बॅग सात किलोच्या वर चालत नाही म्हणून संस्थेच्या काट्यावर, कॅनच्या जागी ठेवून तोलली. रतन तर एकीवर एक अशा दोन साड्या नेसून निघाली. विमानतळावर तपासणीला तिची पाण्याची बाटली निघाली. आत नेता येणार नाही, डब्यात टाका, तपासणारा म्हणाला. भरलेली बाटली. रतननं टाकली नाही. रांग अडवून, तिथंच उभी राहून, सगळी प्यायली. मागची माणसं हसायला लागली. मला तेव्हा तिची लाज वाटली. आज त्याची आठवण झाली तरी मान वर होत नाही.

पंचमीला आम्ही कोलंबोत समुद्रावर होतो. तिथं कावळे अतोनात. डाळीचे वडे विकतात, रतननं दोन घेतले होते. एक कावळा आला आणि तिच्या हातातला वडा घेऊन गेला. आजूबाजूचे लोक हसले, मीही हसलो. रतन हसली नाही. "तिकडं पान ठिवायची येळ झाली आसंल," एवढंच म्हणाली. दुसरा वडा तिनं तिथल्या कठड्यावर ठेवून दिला. 

परवा तुम्ही संस्थेत आलात. मला विचारलंत, "कसं झालं ट्रेनिंग?" आणि वहिनी, मी सांगत बसलो! गायीच्या कासदाहावर कोण काय बोललं, तिथल्या कँटीनात कढी कशी गोड असते, मास्तर कसा तापट. तुम्ही मान हलवत सगळं ऐकलंत. उठताना म्हणालात, "सुखरूप आलात, झालं." मला वाटलं, पचलं.

आज कॅन उतरवताना म्हाळू म्हणाला, "सायेब, इमान वर गेल्यावर लई हलतंय का वो?"

मी म्हटलं, कसलं विमान?

त्यानं कॅन खाली ठेवला. पंचमीला माझ्या जागी तुम्ही त्यालाच जेवायला बसवलं होतंत, तेव्हा त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. रतननं कोलंबोच्या विमानतळावरचा फोटो स्टेटसला ठेवला, तुम्हाला दिसू नये अशी तजवीज केली, आणि मनूला विसरली. मनूनं तुम्हाला दाखवला. पोरगी चिडली. "मी न्हाई ठेवत पान. ज्याचा मान हाय त्यानं यावं," म्हणाली. तुम्ही तिची समजूत काढलीत, तिनं पत्र्यावर पान ठेवलं.

आणि कावळा शिवेना. यायचा, पानाभोवती फिरायचा, उडून जायचा. दुपार कलली. जेवायला बोलावलेली माणसं उपाशी. कुणीतरी बोललंच, की धाकला आला न्हाई, जीव अडकलाय. तेव्हा तुम्ही डोक्यावर पदर घेऊन पुढे झालात आणि हात जोडून म्हणालात, "आवो, भावजी इमानानं गेल्यात, समिंदराच्या पल्याड. रतन हाय संगं. घोर करू नका, सुखरूप येतील माघारी. जेवा आता."

म्हाळू म्हणाला, लगेच कावळा उतरला आणि घास घेऊन गेला.

म्हणजे सगळं माहीत असून तुम्ही परवा मला विचारलंत. खरं बोलायला जागा करून दिलीत, आणि मी कासदाह सांगत बसलो. दादाला माझी काळजी लागली म्हणून तुम्ही चार माणसांत माझा खोटेपणा झाकला नाहीत, आणि मला नावही ठेवलं नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारपासून मी संस्थेत कुणाच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही.

उद्या सर्वपित्री. राहून गेलेल्यांचं उद्या चालतं म्हणतात. पण दादाचं काही राहिलेलं नाही, ते मनूनं केलंय. पान उद्याही तिनंच ठेवावं, आणि यापुढेही मान तिचाच. मी येऊन मागं उभा राहीन. कावळा अडला तर काय झालं ते दादाला मी स्वतः सांगेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एवढ्यासाठी येऊ का, हे विचारायला हे पत्र.

यायला सांगायचं असेल तर म्हाळूला नुसतं "हो" म्हणा. नसेल तर काही म्हणू नका. मी टेम्पोची वाट बघत उभा असेन.

पोचल्याचा निरोप अजून द्यायचा राहिलेला,
तुमचा धाकटा दीर
गहिनीनाथ